बाबागाडीला आरामदायक आणि दणकट दांडा कसा बसवावा

बाबागाडी ढकलून कंबर भरून आली की आपण रस्त्याला नाहीतर चाकांना नावं ठेवतो. पुष्कळदा दोष दांड्याचा असतो. तो बुटका असतो, मागच्या एक्सलला (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाला) फार चिकटून असतो, नाहीतर सांध्यात खुळखुळत असतो. घरी नवी गाडी बांधत असाल किंवा जुन्या गाडीचा मोडका दांडा बदलत असाल, एक गोष्ट आधी ध्यानात घ्या: दांडा ही नुसती धरायची जागा नाही, ती तरफ आहे. मागचं एक्सल हा टेकू, त्याच्या पुढे बाळाचा भार आणि मागे तुमचे हात. त्यामुळे कोणता पाइप घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. दांडा नेमका कुठे येणार, हे आधी ठरलं पाहिजे.

पुढे धरलेली रचना साधी आहे: चौकटीतून मागे-वर येणाऱ्या दोन भुजा आणि त्यांना जोडणारा एक आडवा दांडा. ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने १९६० च्या दशकात छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी काढली, तेव्हापासून दोन सुट्या मुठींच्या गाड्याही सर्रास दिसतात. घडीला त्या छान, पण एका हाताने ढकलायला गेलं की गाडी वळते. दुसऱ्या हातात पिशवी, फोन किंवा मोठ्या मुलाचं बोट असतंच, म्हणून माझं मत सलग आडव्या दांड्याला.

पायरी १: उंची

नेहमीचे बूट किंवा चपला घालून ताठ उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. आडव्या दांड्याचा मध्य या मापाच्या ३ ते ८ सेंटीमीटर खाली ठेवा. बहुतेक मोठ्या माणसांसाठी हा आकडा ९५ ते १०५ सेंटीमीटरच्या आसपास येतो.

घरातल्या दोघांच्या उंचीत थोडाच फरक असेल तर माप उंच माणसाच्या बाजूला झुकवा. बुटक्या माणसाला दांडा किंचित वर आला तर कोपर जरा जास्त वाकतं, इतकंच. उंच माणसाला खाली आला तर त्याची पाठ वाकते, आणि ते जास्त वाईट. फरक १५ सेंटीमीटरच्या पुढे असेल तर मात्र सरकणारा दांडाच करा.

काही कापण्याआधी गाडीला ठरवलेल्या उंचीवर एक काठी घट्ट बांधा आणि रिकामी गाडी घेऊन दहा-पंधरा मिनिटं चाला. मोजपट्टी जे सांगत नाही ते मनगट सांगतं.

पायरी २: एक्सलपासूनचं अंतर

खरा पेच इथे आहे. दांडा एक्सलच्या अगदी वर आला तर चालताना पायाचा अंगठा एक्सलवर किंवा ब्रेकच्या दांडीवर आपटतो आणि माणूस नकळत आखूड पावलं टाकायला लागतो. म्हणून दांडा एक्सलच्या मागे, साधारण २५ ते ३५ सेंटीमीटरवर हवा. त्याचा दुसरा फायदा म्हणजे पायरी किंवा खड्डा आला की दांडा खाली दाबून पुढची चाकं सहज उचलता येतात.

पण हात जितका मागे, तितकी गाडी उताणी पडायची भीती जास्त. हिशोब सोपा आहे. समजा गाडी १० किलोची, बाळ ९ किलोचं, आणि दोघांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या २५ सेंटीमीटर पुढे आहे. दांडा ३० सेंटीमीटर मागे. गाडी उलटायला दांड्यावर किती वजन लागेल? १९ गुणिले २५, भागिले ३०, म्हणजे जवळजवळ १६ किलो. बरं वाटतं ना? आता बाळाला उचलून कडेवर घ्या. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य तिथेच आहे असं धरलं तर आकडा सव्वाआठ किलोवर येतो. दांड्याला अडकवलेल्या दोन भरल्या पिशव्या सहज तेवढ्या होतात. बाळ उचलताच गाडी मागे कोलमडते ती याच कारणाने.

तुमच्या गाडीचा गुरुत्वमध्य शोधायचा तर बाळाच्या जागी तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं ठेवा, गाडीखाली आडवी एक गोल काठी घाला आणि गाडी तिच्यावर तोलून पाहा. तोल जिथे साधतो तिथे खूण करा आणि मागच्या एक्सलपासून तिथवरचं अंतर वरच्या हिशोबात २५ च्या जागी घाला. उत्तर हवं त्यापेक्षा कमी आलं तर दांडा थोडा पुढे घ्या किंवा मागचं एक्सल मागे सरकवा. पिशव्यांसाठी बैठकीखाली, दोन्ही एक्सलच्या मधोमध टोपली करा. दांड्याला आकडे लावूच नका. आकडा दिसला की कोणीतरी पिशवी अडकवणारच.

पायरी ३: मूठ

आडवा दांडा ४० ते ५० सेंटीमीटर रुंद पुरतो, म्हणजे हात साधारण खांद्यांच्या रेषेत राहतात. मुठीची जाडी, वरचं आवरण धरून, ३० ते ४० मिलिमीटर. यापेक्षा बारीक दांडा तळहातात रुततो आणि फार जाड असला तर बोटं पूर्ण वळत नाहीत, पकडायलाच जोर लागतो.

अगदी सरळ दांड्यावर मनगट किंचित मुरडलेलं राहतं. दांड्याची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा थोडी खाली झुकवली, दहा-पंधरा अंशांनी, तर हाताला बरं वाटतं. पाइप वाकवायची सोय नसेल तर हे सोडून द्या. उंची बरोबर असेल तर सरळ दांडाही चालतो.

आवरणासाठी फोमची नळी सर्वांत सोपी. आत साबणाचं पाणी लावलं की ती सरकते, आणि पाणी वाळलं की घट्ट बसते. उन्हात आणि घामात फोम चुरगळतो, शिवाय बाळ दांड्याकडे तोंड करून बसत असेल तर ते त्याचे तुकडे दातांनी तोडू शकतं. तसं असेल तर शिवून बसवलेलं चामडं किंवा गुळगुळीत रबर बरं. कठीण लाकडाचा गोल दांडाही सुंदर दिसतो, फक्त त्याचे रेषे टोकापासून टोकापर्यंत सरळ जात आहेत का ते पाहा. रेषे तिरके बाहेर पडत असतील तर लाकूड नेमकं तिथून फाटतं.

पायरी ४: पाइप

लोकांचा समज असतो की जाड पत्र्याचा पाइप म्हणजे दणकट. वाकण्याला विरोध करण्याच्या बाबतीत बाहेरचा व्यास जास्त महत्त्वाचा असतो. १९ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप आणि २५ मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर जाडीचा पाइप यांचं वजन जवळपास सारखंच भरतं. पण दुसरा जवळजवळ दुप्पट ताठ असतो.

आकडा हवा असेल तर: ४० सेंटीमीटर लांब दोन भुजांवर मिळून ३० किलोचा भार दिला, तर २५ मिलिमीटरचा तो पाइप टोकाशी साधारण २ मिलिमीटर लवतो. हाताला ते जाणवतही नाही. ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. तोच पाइप ॲल्युमिनियमचा घेतला तर ६ मिलिमीटर लवेल. म्हणून ॲल्युमिनियम घेताना व्यास वाढवा, २८ किंवा ३० मिलिमीटरपर्यंत जा. पाण्याचे पीव्हीसी पाइप भुजांसाठी वापरू नका. ते भाराखाली चांगलेच वाकतात आणि उन्हाने ठिसूळ होतात.

पाइप वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट-चौपट ठेवा. बेंडर नसेल तर पाइपमध्ये वाळू ठासून भरा, दोन्ही टोकांना लाकडी बूच मारा आणि ठोकळ्याभोवती हळूहळू वाकवा. वाळू पूर्ण कोरडी हवी, विशेषतः तापवून वाकवणार असाल तर. ओल्या वाळूची वाफ होऊन बूच गोळीसारखं उडतं. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तापवू नका, त्याचा धूर विषारी असतो. वळणाच्या आतल्या बाजूला चुणी पडली तर तो तुकडा बाजूला ठेवून नवा घ्या. ठोकून सरळ केलेली चुणी पुढे तिथेच मोडते.

पायरी ५: सांधा

दांडे मधोमध क्वचितच मोडतात. मोडतात ते भुजा चौकटीला मिळते तिथे, कारण वाकवणारा सगळा जोर तिथे गोळा होतो आणि नेमकं तिथेच आपण भोक पाडतो. पाइपचं टोक चपटं ठोकून त्यात एक बोल्ट घालणं ही सर्वांत झटपट आणि सर्वांत कच्ची पद्धत.

त्यापेक्षा भुजा चौकटीच्या पाइपमध्ये किंवा त्यावर निदान साठ-सत्तर मिलिमीटर चढेल अशी घ्या, आणि दर बाजूला ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट, एकमेकांपासून ४० मिलिमीटरवर लावा. एकाच बोल्टवर भुजा बिजागरीसारखी फिरते. बोल्ट गाडीच्या डावीकडून उजवीकडे, आडवे जाऊ द्या. दांडा दाबताना पाइपच्या वरच्या आणि खालच्या बाजूवर ताण येतो, कुशीवर जवळजवळ येत नाही. भोक कुशीत पडलं तर पाइप कमी दुबळा होतो.

जोडाच्या आत लोखंडी किंवा लाकडी गाभा भरला की बोल्ट आवळताना पाइप चेपत नाही. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, घ्या. साधे नट हादऱ्यांनी सुटतात. बोल्टची बाहेर आलेली टोकं कापा, कानस मारा आणि वर टोपी बसवा.

विकतच्या गाडीला फक्त उंची वाढवायची असेल तर तिच्या मूळ चौकटीला भोक पाडू नका. रबराची पट्टी मध्ये घालून क्लॅम्पने जोडदांडा बसवा. मात्र पायरी २ मधला हिशोब पुन्हा करा, कारण हात आता आणखी मागे गेलेला असतो.

पायरी ६: सरकता दांडा, हवा असल्यास

आतला पाइप बाहेरच्यात सैल बसला तर दांडा खडखडतो. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ बाही घाला. पूर्ण उंचीवरही आतला पाइप व्यासाच्या तिप्पट तरी आत राहिला पाहिजे, आणि त्याच्या पुढे तो निघूच नये असा अडथळा हवा. उंचीची भोकं आणि स्प्रिंगचं बटण दोन्ही बाजूंना ठेवा. एकाच बाजूला अडकवलेला दांडा तिरका होतो.

हलणाऱ्या भागांतली फट एकतर ५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवा किंवा १३ पेक्षा जास्त. मधल्या फटीत बाळाचं बोट जातं आणि अडकतं. घडीची गाडी असेल तर मुख्य खटका बाळाच्या हाताला लागणार नाही असा, आणि सोबत एक वेगळा दुसरा खटका.

पायरी ७: बाळाआधी वाळू

उघड्या टोकांना बुचं लावा, सगळ्या कडा पॉलिशपेपरने घासा, शिसं नसलेला रंग द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. मग बैठकीत १५ किलो वाळू बांधून ठेवा. नटापासून पाइपपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा.

आता दांडा दाबून पुढची चाकं उचला आणि सोडा, निदान दोनशे वेळा. गाडी पायऱ्यांवरून मागे ओढत वर चढवा. ब्रेक लावून दांडा डावी-उजवीकडे हिसकून पाहा. नटावरची रेघ आणि पाइपवरची रेघ एकमेकींपासून सरकली असेल तर नट ढिला झालाय. सांध्याजवळ रंगाला बारीक तडा दिसला तर खालचा धातू हललेला आहे. तो सांधा उघडून तपासा, नुसता आवळून पुढे जाऊ नका.

शेवटी उतारावर वाळूसकट चालून पाहा. हात निसटला तर गाडी एकटी पळू नये म्हणून दांड्याच्या मधोमध मनगटाचा पट्टा शिवून घ्या. तो मनगटात अडकवल्यावर हात मोकळा हलेल इतका लांब, पण लोंबून चाकात जाणार नाही इतका आखूड. रोजच्या वापरात महिन्यातून एकदा नटांवरच्या रेघा पाहा, आणि आवरण आतल्या पाइपवर फिरायला लागलं की ते बदला.