सरकारी लाकूड लिलाव: या चुका टाळा

वनविभागाच्या आणि एफडीसीएमच्या (महाराष्ट्र वन विकास महामंडळाच्या) लाकूड लिलावांत दर हंगामाला नवे खरेदीदार उतरतात आणि दर हंगामाला त्याच चार-पाच गोष्टींवर आपटतात. सॉ मिलवाले, फर्निचरवाले, घराच्या दारं-खिडक्यांसाठी सागवान घ्यायला आलेले, सगळेच. विक्रीच्या अटी कुणी उघडलेल्या नसतात, माल मोबाईलवर पाहिलेला असतो, आणि वाद झाला की वकील शोधत धावपळ सुरू होते.

माल न बघता बोली लावणं

ही चूक सर्वांत महाग पडते आणि सर्वांत जास्त होते. ई-लिलाव आल्यापासून तर बल्लारशाह, आलापल्ली किंवा परतवाड्याच्या लाकूड आगारात पाय न ठेवता बोली लावणारे वाढले आहेत. ओळखीचा दलाल व्हॉट्सॲपवर चार फोटो टाकतो, त्यात थप्पीची समोरची तोंडं छान दिसतात, आणि काम भागलं असं वाटतं. विक्रीच्या अटींत मात्र ‘जसा आहे, जिथे आहे’ हे शब्द असतात. बोली लावली म्हणजे तुम्ही माल पाहून घेतला असं धरलं जातं. नंतर नग, म्हणजे ओंडका, पोकळ निघाला तर ती तक्रार कुणी ऐकत नाही.

आगारात जाताना लॉटच्या (एकत्र विकायच्या नगांच्या गटाच्या) यादीची छापील प्रत, मोजपट्टी, खडू आणि हातभर लांबीची बारीक सळई न्या. यादीत प्रत्येक नगाचा क्रमांक, लांबी, मधला घेर आणि घनफळ असतं. घनफळ काढायची रीत अशी: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर १२० सेंमी आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर. गोल लाकडाचं खरं आकारमान यापेक्षा सुमारे २७ टक्के जास्त, म्हणजे ०.३४ घनमीटरच्या आसपास भरतं. ते सगळं कापीव माल म्हणून हाती येईल या भ्रमात राहू नका. बाहेरच्या पाठी, सालीलगतचं पांढरं लाकूड आणि भुसा यांतच बरंच जातं.

या रीतीत घेराचा वर्ग होतो, म्हणून घेर मोजण्यातली छोटी चूक फुगत जाते. वरच्याच नगाचा घेर १२० ऐवजी १३० लिहिला गेला तर घनफळ ०.२७ वरून ०.३१७ होतं. दहा सेंटीमीटरच्या फरकाने सतरा टक्के माल कागदावर वाढला, आणि त्याचे पैसे तुम्ही भरणार. मध्यावर गाठ किंवा फुगवटा असला, किंवा पट्टी तिरकी बसली, की असं होतं. गाठ आली तर तिच्या दोन्ही बाजूंना मोजून सरासरी काढावी. लॉटमधले सगळे नग मोजायला वेळ नसेल तर सर्वांत जाड आठ-दहा तरी मोजा, कारण किंमत तिथेच असते.

मग तोंडं बघा, दोन्ही. एका टोकाला घट्ट दिसणारा नग दुसऱ्या टोकाला पोकळ असतो. पोकळीत सळई घालून ती किती आत जाते ते यादीवर त्या नगासमोर लिहा. तोंडावर माती लागली असेल तर खरवडा. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकल्यावर भरीव नग खणखणीत वाजतो, आतून कुजलेला भद्द वाजतो. थप्पीच्या तळाचे नग बघता येत नसतील तर ते सर्वांत वाईट आहेत असं धरूनच दर काढा. हे सगळं करायला अर्धा दिवस जातो. ज्यांना तो द्यायचा नाही त्यांनी बाजारातून कापीव माल घ्यावा. महाग पडेल, पण जे घेताय ते डोळ्यांसमोर असेल.

दर कशाचा ते न वाचणं

बोली पूर्ण लॉटची आहे की प्रति घनमीटर, हे प्रत्येक लिलावसूचनेत लिहिलेलं असतं. घाईत एक शून्य जास्त पडतं किंवा घनमीटरच्या दराच्या जागी लॉटची रक्कम टाकली जाते. ‘चुकून झालं’ म्हणून बोली मागे घेता येईल अशी आशा असते. वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे विक्री पुकारून पूर्ण होईपर्यंत बोली मागे घेता येते हे खरं, पण सरकारी अटींत सहसा त्यावर बंदी असते आणि बयाणा जप्त होतो. अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महामार्ग प्राधिकरणाच्या निविदेत वैध ठरवली आहे. आकडा टाकल्यावर बटण दाबण्याआधी तो मोठ्याने, अक्षरी वाचा.

कर विसरणं

बोलीच्या रकमेवर गोल लाकडाला १८ टक्के जीएसटी, त्यावर २ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करायचा आयकर (१ एप्रिल २०२५ पूर्वी अडीच टक्के). पाच लाखांची बोली सहा लाखांच्या पुढे जाते.

‘सर्वांत मोठी बोली माझी, म्हणजे माल माझा’

वादांचं मूळ इथे असतं. सरकारी लिलावात तुमची बोली हा फक्त प्रस्ताव. सक्षम अधिकाऱ्याने ती मंजूर केली आणि ते तुम्हाला कळवलं, तेव्हाच करार झाला. हातच्या किमतीपेक्षा, म्हणजे सरकारने आधी ठरवलेल्या किमान किमतीपेक्षा, बोली कमी असेल तर प्रकरण वर जातं आणि आठवडे लटकतं.

१९७२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातलं तेव्हाच्या बिहारमधलं बांबूचं कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, बघा. हातची किंमत ९५,००० रुपये, सर्वांत मोठी बोली ९२,००१ ची. बोलीदाराने नंतर हातची किंमत द्यायची तयारी दाखवली. सरकारने मंजुरीची तारही पाठवली, पण ती वनसंरक्षकाला, बोलीदाराला नाही. दरम्यान दुसऱ्याने १,०१,१२५ रुपये देऊ केले आणि कूप त्याच्याकडे गेलं. पहिला बोलीदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला: मंजुरी त्याला कळवलीच नव्हती, म्हणून करारच झाला नव्हता.

तरीही लिलावाच्या संध्याकाळी गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेणारे, ट्रक ठरवणारे आजही भेटतात. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत कुणाला शब्द देऊ नका. आणि ते आलं की त्यातली मुदत पाळा. मुदतीत पैसे भरले नाहीत तर माल तुमच्या जोखमीवर पुन्हा लिलावात जातो. कमी किंमत आली तर फरक तुमच्याकडून, भारतीय वन अधिनियमाच्या कलम ८२ खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. जास्त आली तर ती तुमची नाही.

आपसांत ठरवून बोली लावणं

‘हा लॉट तू घे, पुढचा मी’ हा व्यवहारातला शहाणपणा नव्हे. स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ खाली तो गुन्ह्याइतकाच गंभीर भंग आहे आणि लिलाव रद्द होऊ शकतो. नवख्याला यात ओढतात, म्हणून सुरुवातीलाच नाही म्हणा.

उचल आणि वाहतूक

मुदतीनंतर माल पडून राहिला तर जागाभाडं चढतं, आणि पावसाळ्यात पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो तो वेगळा. वाहतूक पासवरचा गाडीचा नंबर, नगांचे क्रमांक, नगांवरचे वनखात्याच्या हातोड्याचे ठसे आणि वेळ तंतोतंत जुळली पाहिजे. नाक्यावर एक नग जास्त निघाला तरी भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली गाडी जप्त होऊ शकते, आणि महाराष्ट्रात कलम ६१-अ प्रमाणे ती सरकारजमा करायची कारवाईही चालते. आयत्या वेळी गाडी बदलली असेल तर आधी पास बदलून घ्या.

मोजमापाची तक्रार उशिरा करणं

माल आगाराबाहेर गेला की मोजमापाचा वाद संपला. नग तिथे असतानाच एका पानावर लॉट क्रमांक, नग क्रमांक, यादीतला घेर आणि तुम्ही मोजलेला घेर शेजारी शेजारी लिहा, दोन्ही पक्षांसमोर फेरमोजणी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. फेरमोजणीचा पंचनामा झाला तर त्याची प्रत मागा. तोंडी ‘बघू’ म्हणाले तर शिक्का मिळेपर्यंत उचल थांबवा. मात्र पैसे भरायची आणि उचलीची मुदत या अर्जाने आपोआप वाढत नाही, म्हणून त्याच अर्जात मुदतवाढही लेखी मागा.