बीटी मारूनही संत्र्यावरची अळी मरत नाही? आधी हे तपासा

नव्या नवतीवर (कोवळ्या पालवीवर) लिंबू फुलपाखराची पानं खाणारी अळी आली, बीटी (बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूचं औषध) मारलं, तरी पानं कुरतडलेलीच, की लगेच निकाल लागतो, "अळीले सवय झाली भाऊ". होऊ शकते. युरोपात सफरचंदाच्या बागेत कॉडलिंग मॉथवर (सफरचंद पोखरणाऱ्या अळीवर) वर्षानुवर्षं एकाच विषाणूचं औषध मारत राहिले अन् २००५ च्या सुमारास जर्मनीत काही बागांत ते चालेनासं झालं. गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचं (जिच्यात याच जिवाणूचं विष असते) काय केलं ते तं आपण पाहतोच आहे. पण माझ्या मते संत्र्यात आधी फवाऱ्यावर शंका घ्यावी.

अळीचा आकार बघा. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते तोवर बीटी चांगलं लागू पडतं, हिरवी मोठी झाली की मग कठीण. बीटी पोटात गेल्यावर काम करते, म्हणून नवती नीट भिजली पाहिजे, अन् फवारा संध्याकाळीच मारा, उन्हानं ते लवकर खराब होते. मरायला दोन-तीन दिवस लागतात, खाणं मात्र आधीच थांबते, म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली तं घाबरू नका.

एवढं करूनही फरक नसंल तं घरीच टेस्ट करा. एकाच बागेतल्या सारख्या आकाराच्या लहान अळ्या दोन डब्यांत ठेवा, झाकणाला बारीक छिद्रं पाडा. एकात लेबलच्या डोसच्या द्रावणात बुडवून सावलीत सुकवलेली कोवळी पानं टाका, दुसऱ्यात नुसत्या पाण्यात बुडवलेली. चार दिवसांनी मोजा. पाण्याच्या डब्यातल्याही मेल्या तं टेस्टच फेल, परत करा. फक्त औषधवाल्या मेल्या तं औषध चांगलं आहे, गडबड फवाऱ्यात आहे. दोन्हीकडं जिवंत असल्या तं दुसऱ्या बॅचचं ताजं पाकीट आणून परत करा, जुनं किंवा उन्हात पडलेलं पाकीटही असंच वागते. तरी तेच झालं तं अळ्या घेऊन कृषी विज्ञान केंद्रात नाही तं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा.

तोवर डोस डबल करू नका, त्यानं टिकाव धरणाऱ्याच अळ्या मागं उरतात. कंपनी बदलली म्हणजे औषध बदललं असंही नाही, लेबलवर आतल्या जिवाणूचं नाव वाचा. पुढच्या नवतीला ५ टक्के निंबोळी अर्क घ्या, झाडं लहान असली तं अळ्या हातानंच वेचा. बांधावर बेल असंल तं त्यावर फवारू नका, ही अळी बेलावरही वाढते, तिथं औषध न खाल्लेल्या अळ्यांची फुलपाखरं होतात, ती बागेतल्यांशी मिसळली की सवय पसरायला वेळ लागते. कपाशीसोबतचं नॉन-बीटीचं पाकीट याचसाठी होतं, अन् ते कोणी पेरलं?