बटण भट्टीत टाकण्याआधी

मागच्या खेपेला मिश्रधातूची सात बटणं (आर्कने वितळवून केलेले छोटे गोळे) एकदम भट्टीत टाकली आणि सातही वाया गेली. बाहेरून अगदी व्यवस्थित, राखाडी. कापून पॉलिश केली तेव्हा डेंड्राइटांच्या (धातू गोठताना वाढणाऱ्या झाडासारख्या स्फटिकांच्या) मधल्या जागेत बारीक भोकं, आणि त्यांच्या कडेला वितळून पुन्हा गोठलेले डाग. हाय एन्ट्रॉपी सुपरअलॉयची, म्हणजे अनेक मुख्य धातू मिसळून केलेल्या, वरच्या तापमानाला टिकणाऱ्या मिश्रधातूची, ही यादी त्यातून आली आहे.

आधी रचना. समप्रमाणाचा मोह सोडा. अ‍ॅल्युमिनियम, कोबाल्ट, क्रोमियम, लोह, निकेल सारखं घेतलं की मिश्रणाची एन्ट्रॉपी १.६१ आर (आर म्हणजे वायू स्थिरांक) भरते खरी, पण हाती येतं बीसीसी आणि बी२, नको त्या स्फटिकरचना. आपल्याला हवं एफसीसी स्फटिकरचनेचं मॅट्रिक्स (मूळ धातू) आणि त्यात गॅमा प्राइमचे, म्हणजे ताकद देणारे बारीक, कण, म्हणजे निकेल-कोबाल्ट भरपूर, अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियम मोजकं. वरच्या तापमानाला ताकद त्या कणांची असते, एन्ट्रॉपीच्या आकड्याची नव्हे. क्रोमियम ऑक्सिडेशनपासून वाचवतं, पण हात सैल सोडलात की सिग्मा फेज (ठिसूळ घटक) उगवते, तीही कधीकधी शेकडो तासांनंतर, तुमचा अहवाल लिहून झाल्यावर. मॉलिब्डेनम, टंगस्टन घालणाऱ्यांनी दुप्पट जपावं. अणू टक्के आणि वजन टक्के यांत गल्लत नको: अ‍ॅल्युमिनियमचं अणुभार २७, टंगस्टनचं १८४.

आर्क मेल्टिंगचं फार सांगत नाही. आर्गॉन, आधी टायटॅनियमचा गेटर (उरलेला ऑक्सिजन शोषणारा तुकडा) वितळवणं, बटण उलटवून किमान पाच वेळा वितळवणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लवकर वितळणारं तळाशी ठेवा. क्रोमियमचे तुकडे उडतात, म्हणून शेवटी वजन करा. घट दिसली तर रचना तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मुख्य. ओतीव बटणाचा तुकडा कापून त्याचं डीएससी करा, म्हणजे तापवत नेऊन तो कुठे वितळायला लागतो ते मोजा. होमोजिनायझेशनच्या (रचना एकसारखी करायला भट्टीत तापवण्याच्या) आधी, नंतर नाही. सॉफ्टवेअर देतं तो सॉलिडस (वितळणं सुरू होतं ते तापमान) समतोलातला असतो. ओतीव बटणात टायटॅनियम डेंड्राइटांच्या मधे साचतं आणि तेवढी जागा बाकीच्या धातूच्या आधी वितळते. मी सॉफ्टवेअरच्या आकड्याखाली ३० अंश सोडले आणि निर्धास्त झालो. मागाहून ओतीव तुकड्याचं डीएससी केलं, तर वितळण्याचा पहिला छोटा उंचवटा माझ्या भट्टीच्या तापमानाच्याही खाली! तो उंचवटा म्हणजे लक्ष्मणरेषा. त्याच्या खाली राहून काही तास द्या, साचलेलं विरघळू द्या, मग पुन्हा डीएससी, मग वर चढा. गॅमा प्राइमचा सॉल्व्हस (ते कण विरघळतात ते तापमान) आणि ही रेषा यांच्यात जागाच नसेल तर रचनेकडे परत. डीएससीला रांग आहे? थांबा. सात बटणं पुन्हा करण्यापेक्षा रांग बरी.

क्वार्ट्झच्या नळीत सील करताना आर्गॉन पाव वातावरण दाबाइतकाच भरा. १२०० अंशांना तो जवळपास पाचपट, म्हणजे सव्वा वातावरण होतो, पूर्ण भराल तर नळी फुटेल. नमुना क्वार्ट्झला टेकू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियम सिलिका खातात. टँटलमच्या पत्र्यात गुंडाळा. भट्टीच्या डिस्प्लेवर भरवसा नको, नमुन्याशेजारी वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवा.

पुढचं थोडक्यात. क्वेंच (झटकन थंड करणं), एजिंग (ठरावीक तापमानाला ठेवून कण वाढू देणं), कडकपणा, एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक). एक तुकडा लांब एजिंगला वेगळा ठेवा, सिग्मासाठी. क्रीपचे (तापमान आणि ताणाखाली हळूहळू लांबण्याच्या चाचणीचे) नमुने शेवटी, आणि ज्या बटणाचं ओतीव डीएससी झालेलं नाही त्याचे अजिबात नाहीत.