टीम लीड झाले आणि शुक्रवारी कळेना की आठवडाभर केलं काय

सहा वर्षं मी फक्त कोड लिहिला. टिकट, म्हणजे नोंदवलेलं एक काम, घ्यायचं, संपवायचं, पुढचं घ्यायचं. मग एका सोमवारी मला सात जणांच्या टीमची लीड केलं. खुर्ची तीच, लॅपटॉप तोच, शेजारी बसणारी माणसंही तीच, त्यामुळे मला खरंच वाटलं की आधीचं काम तर आहेच, आता सोबत थोडं लोकांचं बघायचं एवढंच. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याचा हिशोब लिहायला बसले, ही माझी जुनी सवय, तर लिहिण्यासारखं काहीच सापडेना. दोन छोटे बग आणि कोडची एक अर्धवट ब्रांच, म्हणजे मुख्य कोडमध्ये अजून न मिसळलेलं काम. बाकी सगळा वेळ कोणाला तरी काहीतरी समजावण्यात, मीटिंगमध्ये, कोणाचं तरी अडलेलं सोडवण्यात गेलेला. घरी जाताना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

ज्यांना नुकतंच लीड केलंय किंवा "पुढच्या क्वार्टरपासून टीम सांभाळशील का" असं विचारलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. ते अडलेलं सोडवणं हेच माझं नवीन काम होतं, पण हे मनापासून पटायला मला जवळजवळ आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत मी टीमला बराच त्रास दिला.

आधी वेळेचं सांगते कारण सगळ्यात पहिली गडबड तिथेच होते. सात जणांशी आठवड्याला अर्धा अर्धा तास वन-ऑन-वन, म्हणजे एकेकाशी एकट्याने बोलणं, याचेच साडेतीन तास. रोजचा स्टँडअप (टीमची छोटी मीटिंग), प्लॅनिंग, दुसऱ्या टीमसोबतच्या मीटिंग, इंटरव्ह्यू, कोड रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासणं, वरच्यांना द्यायचा रिपोर्ट, हे सगळं मी एकदा कॅलेंडर उघडून मोजलं तर ४० तासांच्या आठवड्यात मला कोडसाठी जेमतेम १० तास उरत होते आणि तेही सलग नाही, इकडे ४० मिनिटं, तिकडे अर्धा तास असे तुकडे. तरी मी त्या स्प्रिंटमधलं, म्हणजे कामाच्या त्या ठरलेल्या काही आठवड्यांच्या टप्प्यातलं, सगळ्यात अवघड काम स्वतःकडे घेतलं होतं. का, तर ते मलाच सगळ्यात चांगलं येतं. मग झालं असं की तिघांचं काम माझ्या त्या एका कामावर अडकून बसलं आणि मी चार दिवस मीटिंगमध्ये. लीड झाल्यावर कोड लिहू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, हात चालू राहायलाच हवा, पण ज्याच्यावर दुसऱ्याचं काम थांबलंय असं काही घेऊ नका. छोटे बग घ्या, टेस्ट लिहा, कोणाला नको असलेली जुनी साफसफाई घ्या. दोन दिवस उशीर झाला तरी कोणाचं अडत नाही असं काम घ्या.

आता काम सोपवण्यात मी काय चुकले ते. दुसऱ्या महिन्यात फाइल इम्पोर्टचा, म्हणजे बाहेरची फाइल सिस्टिममध्ये घेण्याचा, मॉड्यूल टीममधल्या एका मुलाला दिला होता, त्याला दोन वर्षांचा अनुभव. गुरुवारी रिलीज. मंगळवारी संध्याकाळी मी त्याचा कोड पाहिला. चालत होता, पण तो पूर्ण फाइल एकदम मेमरीत घेत होता, म्हणजे मोठी फाइल आली की सर्व्हर आडवा पडणार हे नक्की. माझे हात शिवशिवले. रात्री दहाला बसले आणि दोन वाजेपर्यंत सगळा मॉड्यूल नव्याने लिहून टाकला, सकाळी स्टँडअपला म्हटलं, "ते इम्पोर्टचं मी रात्री जरा नीट करून टाकलंय." तो म्हणाला, ओके. रिलीज व्यवस्थित गेलं, वरून शाबासकीही मिळाली आणि मला वाटलं जमतंय की आपल्याला.

त्यानंतर तीन आठवडे त्या मुलाने मला एकही प्रश्न विचारला नाही. आधी दिवसातून दोनदा खुर्ची फिरवून "हे बघतेस का जरा" म्हणायचा, ते बंद. काम एकदम शेवटच्या दिवशी समोर यायचं, कामाला किती वेळ लागेल याचे त्याचे इस्टिमेट दुप्पट झाले. मी आधी समजले की याचं लक्ष नाही. शेवटी वन-ऑन-वनमध्ये विचारलं तेव्हा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तू शेवटी तुझ्याच पद्धतीने करणार आहेस, मग मी आधी विचारून काय करू?"

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मंगळवारी संध्याकाळी मी फक्त एवढं विचारायला हवं होतं की दोन जीबीची फाइल आली तर काय होईल रे? तो हुशार आहे, त्याला पाच मिनिटांत कळलं असतं, बुधवारी त्याने स्वतः बदललं असतं आणि पुढच्या वेळी त्याने आधीच तो विचार केला असता. अगदी रिलीज एक दिवस पुढे गेलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं, पण ते मी कोणाला विचारलंसुद्धा नाही. रात्रीचे चार तास घालून मी फार तर एक दिवस वाचवला आणि एका माणसाचा तीन आठवड्यांचा उत्साह घालवला.

त्यानंतर काम सोपवताना मी चार गोष्टी आवर्जून बोलते, तोंडी बोलते आणि मग दोन ओळीत लिहूनही पाठवते. काय हवंय, ते कोणाला आणि का हवंय, कुठले निर्णय तू एकटा घेऊ शकतोस आणि कुठे मला विचारायचंय, आणि आपण मध्ये कधी बघणार. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. काम साधारण पाव झालेलं असताना एकदा बघायचं ठरलेलं असलं की दिशा चुकली असेल तर कोणाचंच फार नुकसान होत नाही, आणि मलाही रोज मागे लागून "कुठपर्यंत आलं" विचारावं लागत नाही. का हवंय हे सांगायला लोक कंटाळा करतात पण त्यामुळेच समोरचा कधीकधी आपल्यापेक्षा सोपा मार्ग काढतो. आणि दुसऱ्याचा कोड माझ्यासारखा दिसणार नाही हे गिळायला शिकावं लागतं. रिव्ह्यू करताना मी आता स्वतःला विचारते की हे चुकलंय की फक्त वेगळं आहे? फक्त वेगळं असेल तर कमेंट लिहीत नाही.

वन-ऑन-वनबद्दल खूप जण म्हणतात की काय बोलायचं अर्धा तास, रोज तर भेटतो. मी पण सुरुवातीला त्यात टिकटांचं स्टेटस घेत बसायचे, ते पूर्ण वाया. स्टेटस टिकटांच्या बोर्डवर दिसतंच. ती वेळ समोरच्याची आहे, विषय त्याने काढायचा, तुम्ही फक्त एखादा प्रश्न टाकायचा. या आठवड्यात वैताग कशाचा आला? कुठल्या कामात तू उगाच अडकून पडतेयस? सहा महिन्यांनी काय करत असायला आवडेल? आणि मग गप्प बसायचं, हे फार अवघड आहे, चार सेकंदांची शांतता झाली की मी लगेच स्वतःच बोलायला लागायचे. एका मुलीने तिसऱ्या भेटीत सांगितलं की तिला सलग पाच महिने रात्रीच्या सपोर्टला टाकलेलं आहे कारण ती नाही म्हणत नाही. मी त्याच टीममध्ये तिच्याशेजारी बसत होते आणि मला माहीत नव्हतं! सपोर्टच्या पाळ्यांची यादी बदलायला मला दहा मिनिटं लागली. वन-ऑन-वन कामाच्या घाईत रद्द करू नका, फार तर पुढे ढकला. रद्द केलं की समोरच्याला काय कळायचं ते कळतं.

आता जुन्या मित्रमैत्रिणींचं. यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. काल आपण एकत्र बसून ज्या गोष्टींवर कुरकुर करायचो त्या आता माझ्याकडूनच येत होत्या. काही आठवड्यांनी लक्षात आलं की टीमचा एक वेगळा चॅट ग्रुप झालाय आणि त्यात मी नाही. लागलं मनाला. पण त्यांनाही अशी जागा हवी जिथे लीड नाही, हे मला नंतर समजलं, त्यावर कधी विषय काढला नाही तेच बरं झालं. खरी अडचण दुसरी होती. टीममधल्या एका मित्राला ही जागा स्वतःला मिळेल असं वाटत होतं आणि तसं वाटायला कारणही होतं. मी त्याच्याशी बोलायचं टाळत राहिले, वाटलं वेळ गेला की ठीक होईल. ते होत नाही, दोन महिने तो मीटिंगमध्ये फक्त हो-नाही एवढंच बोलत होता. शेवटी मी म्हटलं, "तुला हे मिळायला हवं होतं असं तुला वाटतंय, मला माहितेय, आपण बोलूया का?" तासभर बोललो. त्यातून निघालं की त्याला लोकांचं बघण्यात फारसा रस नव्हताच, डिझाइनचे निर्णय त्याला हवे होते. ते त्याला दिले, माझ्यापेक्षा चांगले घेतो. हे बोलणं पहिल्या आठवड्यात करा, दोन महिने थांबू नका.

चूक सांगायची वेळ आली की मी आधी फार गोल गोल बोलायचे, समोरच्याला कळायचंच नाही की तक्रार आहे. आता एकट्यात, दोन दिवसांच्या आत, आणि घडलेलं तेवढंच. "तू ऐकून घेत नाहीस" असं म्हटलं की भांडण होतं. "कालच्या मीटिंगमध्ये ती बोलत असताना तू तिला तीनदा थांबवलंस, त्यानंतर ती काहीच बोलली नाही" यावर बोलता येतं. अप्रेजलमध्ये कोणाला काही पहिल्यांदा कळत असेल तर तो दोष लीडचा, माझं यावर ठाम मत आहे. आणि कौतुकही असंच नेमकं करा, नुसतं "छान काम" याने समोरच्याला काही सापडत नाही.

वरच्यांशी बोलणं हाही कामाचा भाग आहे आणि तो मला शेवटी जमला. एकदा प्रोजेक्ट मागे पडलं तेव्हा मला दोन माणसं वाढवून देतो म्हणाले आणि मी आनंदाने हो म्हटलं. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. मी हे कॉलेजात वाचलं होतं, तरी! गणित साधं आहे, सात जणांमध्ये आपसातल्या जोड्या होतात २१, नऊ जणांमध्ये ३६, म्हणजे बोलून जुळवून घ्यायचं कितीतरी वाढतं, आणि नव्या दोघांना शिकवायला माझे सगळ्यात अनुभवी दोघं तीन आठवडे गुंतले. आता मी असं काही आलं की दोन पर्याय घेऊन जाते, तारीख तीच ठेवायची तर या दोन गोष्टी वगळूया, सगळं हवं असेल तर ही नवीन तारीख. नुसतं "जमणार नाही" म्हटलं की ऐकत नाहीत, पर्याय समोर ठेवला की ऐकतात, निदान बऱ्याचदा.

टेक्निकल ज्ञान मागे पडेल ही भीती प्रत्येकाला वाटते, मला अजून वाटते. गूगलने प्रोजेक्ट ऑक्सिजन नावाने स्वतःच्याच मॅनेजर लोकांचा अभ्यास केला होता, त्यात चांगल्या मॅनेजरच्या आठ गोष्टींची जी पहिली यादी निघाली तिच्यात चांगला कोच असणं पहिलं होतं आणि टेक्निकल कौशल्य आठवं. यादीत होतं हेही लक्षात घ्या. टीमला सल्ला देता येईल, इस्टिमेट खरं की नाही कळेल, एवढं हातात राहिलंच पाहिजे, त्यासाठी मी आठवड्यातली एक सकाळ कॅलेंडरवर अडवून ठेवते आणि त्यात फक्त टीमचा कोड वाचते.

शुक्रवारचा हिशोब मी अजून लिहिते, पण रकाने बदललेत. या आठवड्यात कोणाचं काय मोकळं झालं, कोणी कुठला निर्णय मला न विचारता नीट घेतला, आणि मी कुठे मध्ये पडले जिथे पडायला नको होतं. तिसरा रकाना अजून रिकामा जात नाही.

होकार द्यायच्या आधी थोडे प्रश्न मात्र नक्की विचारा, मी विचारले नव्हते. अप्रेजल मी लिहिणार की दुसरं कोणी? टीममध्ये कोणाला घ्यायचं यात माझं मत धरणार का? माझ्याकडून कोडची अपेक्षा किती टक्के? माझं आधीचं काम कोणाकडे जाणार, नाव सांगा. पगार बदलणार आहे की नुसतं पद? आणि सहा महिन्यांनी मला वाटलं की हे माझं नाही तर परत इंजिनियर म्हणून जाता येईल का? बऱ्याच कंपन्यांमध्ये लोकांची जबाबदारी न घेता टेक्निकल बाजूने वर जायचा रस्ता असतो, तुमच्याकडे आहे का ते पण त्याच वेळी विचारून घ्या आणि उत्तर मेलवर मागा.