०.१ वर विसंबू नका: फ्लोटच्या त्याच त्या चुका

०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ च्या आसपास आलं की दर बॅचमधलं एक तरी पोरगं स्क्रीनशॉट पाठवतं: सर, पायथॉनमध्ये बग सापडला! बग नाही रे बाबा. जावा, जावास्क्रिप्टमध्येही हेच होतं, कारण सगळे १९८५ साली आलेल्या आयट्रिपलई ७५४ या मानकाचाच डबल वापरतात. फ्लोट म्हणजे टिंबवाली संख्या साठवायची पद्धत, आणि डबल हा त्याचाच एक प्रकार. त्यात अपूर्णांक निम्मा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांनी बनतो. ०.५ आणि ०.३७५ नेमके बसतात. एक दशांश मात्र बसत नाही, जसा आपल्या दशमानात एक तृतीयांश ०.३३३ लिहीत गेलं तरी संपत नाही. डबलकडे त्यासाठी ५३ बिट्स, म्हणजे ० किंवा १ ची ५३ घरं असतात. तेवढ्यात मावेल तो जवळचा आकडा घेतला जातो. हे वाचायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढाही धीर नसतो.

फ्लोटची == ने, म्हणजे 'तंतोतंत समान आहे का' असं विचारून तुलना. माझं सगळ्यात नावडतं पाप. एका दूध संकलन केंद्रावर शेतकरी चिडले होते. मशीन फॅट ३.५ दाखवायचं आणि पावतीवर दर लागायचा ३.० चा. सगळ्यांचा संशय मशीनवर. ते धुऊन झालं, कॅलिब्रेट करून झालं, दर काही बदलेना. मग मला बोलावलं. कोड उघडला तर दरपत्रक ३.० पासून सुरू करून दर फेरीला ०.१ मिळवत बनवलेलं आणि मशीनची फॅट त्यात == लावून शोधलेली. ३.१ जुळतो, ३.२ जुळतो. पुढच्या फेरीला ३.३००००००००००००००३ सारखं काहीतरी तयार होतं आणि तिथून ४.० पर्यंत एकही आकडा जुळत नाही. दर सापडला नाही तर सगळ्यात खालचा लावायचा, अशी सोय वर करून ठेवलेली. टेस्टिंग केलं होतं म्हणे. कोणते आकडे टाकून? ३.०, ३.१ आणि ३.२!

त्यावर तो कोड लिहिणाऱ्या मुलाचा उपाय: "सर, ०.०००१ चा फरक चालवून घेऊ या का?" नाही. फॅट दशांशात मोजा. ३.५ म्हणजे ३५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) ८.५ म्हणजे ८५. सगळं पूर्णांकात ठेवा, टिंब फक्त पावती छापताना. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो.

फरक चालवून घेणं सेन्सरच्या मोजमापाला ठीक आहे, पण तिथेही आकड्यांचा आवाका बघा. बरेच जण कुठूनतरी ०.००००००००१ उचलून चिकटवतात. एक कोटीच्या आसपास दोन लगतच्या डबलमधलं अंतरच त्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणजे फिरून == च.

०.१ साठत गेला की काय होतं याचं सगळ्यात वाईट उदाहरण फेब्रुवारी १९९१ मधलं, सौदी अरेबियातल्या धहरानचं. पेट्रियट या क्षेपणास्त्र पाडणाऱ्या अमेरिकी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश पूर्णांकात मोजत होतं. तिथवर सगळं बरोबर. मग तो आकडा २४ बिट्समध्ये कापलेल्या ०.१ ने गुणला जायचा. तो फ्लोट नव्हता, पण रोग तोच. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालली, वेळ साधारण ०.३४ सेकंदाने चुकली, स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले.

पैसे फ्लोटमध्ये ठेवणं. ४.३५ ला १०० ने गुणून इंट, म्हणजे पूर्णांक करा. ४३५ नाही, ४३४ पैसे मिळतील, कारण गुणाकार ४३५ च्या जरासा अलीकडे थांबतो आणि इंट पुढचं सगळं उडवतं. पैसे पूर्णांकात ठेवा, वाद नको.

डेसिमलला (दशमानात नेमका हिशेब ठेवणाऱ्या प्रकाराला) फ्लोट खाऊ घालणं. पायथॉनमध्ये डेसिमल(०.१) लिहिलंत तर आतला कचरा जसाच्या तसा येतो. अवतरणात '०.१' द्या.

राउंडवर रुसणं. राउंड(२.६७५, २) चं उत्तर २.६८ नाही, २.६७ येतं, कारण साठवलेला आकडाच २.६७५ पेक्षा किंचित कमी आहे.

नंबर म्हणजे संख्या असं धरून चालणं. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकेपणा राखतं. सोळा अंकी कार्ड नंबर संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि फाइल सेव्ह झाली की तो परत मिळत नाही. कॉलम आधी टेक्स्ट करा, मग पेस्ट.