घरच्या घरी डेस्क ऑर्गनायझर: या चुका टाळा

माझा पहिला ऑर्गनायझर रात्री झोपताना झकास दिसत होता. बुटांच्या खोक्याला आतून निळा कागद लावला होता, चार कप्पे केले होते. सकाळी पाहते तर तळाचा मधला भाग खाली फुगलेला आणि सगळा डोलारा टेबलावर डुलतोय. तेव्हा मी पुठ्ठ्याला नावं ठेवली. खरा दोष पाण्याचा होता.

फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात बरंच पाणी असतं. कागद ते पितो आणि पसरतो. वाळताना आकसतो आणि ज्याला चिकटलाय त्या पुठ्ठ्यालाही ओढतो. कागद एकाच बाजूला असला की ओढही एकाच बाजूची, त्यामुळे पुठ्ठ्याच्या कडा कागदाकडे वळतात. म्हणून दुसऱ्या बाजूलाही कागद लावा. आतल्या बाजूला जुन्या वर्तमानपत्राचा असला तरी चालतो. बाटलीतून थेट धार सोडू नका. गोंदाचे चार थेंब टाकून जाड कार्डाच्या तुकड्याने पातळ पसरा, इतके की खालचा पुठ्ठा थोडा दिसत राहील. मग वर प्लास्टिकचा कागद ठेवून त्यावर जाड पुस्तकं रचा आणि रात्रभर विसरून जा. तासाभरात वरून कोरडं वाटतं, पण आत ओल असते. हे सगळं सुटे भाग सपाट असतानाच उरकायचं, खोका उभा केल्यावर नाही. तुकडा आधीच वाकला असेल, तर उलट्या बाजूला तशाच जाडीचा कागद चिकटवून पुन्हा दाबून ठेवा. बहुतेक वेळा सरळ होतो.

दुसरी चूक गोंदाची बाटली उघडण्याआधीच होते. आपण आधी डबे करतो आणि मग त्यात काय मावतं ते बघतो. उलट करा: टेबलावरचं सगळं एका जागी ओता आणि फूटपट्टी घ्या. टिश्यू रोलची नळी साधारण 10 सेंमी उंच असते आणि पेन 14-15 सेंमी, म्हणजे जोडी जमते. पण झिजून बोटभर उरलेली पेन्सिल त्यात गडप होते आणि 30 सेंमीची पट्टी ठेवली की नळी आडवी. वस्तूचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग आत राहील एवढी उंची धरा. चिकट चिठ्ठ्यांचा चौकोनी गठ्ठा 76 मिलिमीटरचा असतो. कप्पा तेवढाच केला तर गठ्ठा बसतो, पण काढायला बोट जात नाही. सेंटिमीटरभर जास्त ठेवा किंवा पुढच्या भिंतीत अर्धचंद्र कापा. आणि पुठ्ठ्याची जाडी धरायला विसरू नका. 3 मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचा बाहेरून 10 सेंमी रुंद डबा आतून 9.4 सेंमीच भरतो.

पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा वापरताय? कापलेली कड निरखून पाहा: दोन कागदांच्या मध्ये नागमोडी थर असतो आणि त्याच्या बारीक नळ्या एकाच दिशेने धावतात. भिंतीत या नळ्या उभ्या हव्यात. आडव्या ठेवल्या की भिंत जराशा धक्क्यानेही मुडपते. घडी नळ्यांना काटकोनात घालायची असेल, तर आधी संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडी भलतीकडेच फुटते.

कापताना एकाच दमात आरपार जायचा हट्ट नको. पातं बोथट असेल तर पुठ्ठा कापला न जाता चुरडतो. नवं पातं, स्टीलची पट्टी आणि हलक्या हाताने तीन-चार फेऱ्या. प्लास्टिकची पट्टी घेऊ नका. कटर तिच्यात रुततो, घसरला तर बोटावर येतो. मुलं मदतीला असतील तर कटर आणि ग्लू गन मोठ्यांकडेच.

पुढे कलंडतो ही नेहमीची तक्रार. त्यासाठी उंच नळ्या मागे, बुटक्या पुढे, सगळ्या एकमेकींना चिकटवून खाली एकच रुंद तळ द्या. तरी डुलत असेल तर मागच्या नळ्यांत मूठभर खडे टाकून वर पुठ्ठ्याची गोल चकती बसवा. नळीचा तळ नुसत्या कडेला गोंद लावून टिकत नाही. तळाच्या चकतीला सभोवार सेंटिमीटरभर कातरलेली झालर ठेवा आणि ती नळीला बाहेरून चिकटवा.

पत्र्याच्या डब्याचं एवढंच सांगते: काठ धारदार असतो, आधी त्यावर टेप गुंडाळा. चकचकीत पत्र्यावर रंग पोपडे धरतो, म्हणून पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्या.

आता गमतीचा भाग. नळीचा वरचा काठ दोन्ही बाजूंनी आत दाबला की टोकं वर येऊन घुबडाचे कान होतात. दिसतात लोभस, मीही केले होते. पण तोंडच मिटल्यावर पेन कुठून घालायचं? कान वेगळ्या कागदाचे कापून बाहेरून लावा. डोळे, मिशा, शेपूट हेही सगळ्यात शेवटी आणि हात लागत नाही अशा जागी. पेन काढताना बोट रोज जिथे घासतं, तिथली टिकली आठवड्यात ड्रॉवरच्या तळाशी सापडते.