आरव्हीत लोकल चॅनल गेले? डिशला हात लावण्याआधी या चुका टाळा

उपग्रहाच्या डिशवर बाकी सगळे चॅनल दिसतायत, फक्त लोकल, म्हणजे त्या त्या भागातल्या बातम्या-हवामान दाखवणारे स्थानिक चॅनल, गायब आहेत, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच विचारते, ‘सकाळी निघालात कुठून?’ समोरचा गोंधळतो, कारण तोवर त्याने डिशचे नट सैल करून ठेवलेले असतात. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन हिंडणाऱ्यांची ही सर्वांत लाडकी चूक आहे.

उपग्रहावरून येणारे बहुतेक चॅनल अख्ख्या देशावर पसरलेल्या एका मोठ्या झोतातून येतात. लोकल चॅनलचं तसं नसतं. ते स्पॉट बीमने येतात, म्हणजे काहीशे मैलांच्या पट्ट्यापुरते मर्यादित. घरापासून लांब गेलात की आधी पावसाच्या दिवशी चित्र तुटायला लागतं, आणि आणखी पुढे गेलात की काहीच येत नाही. डिश ठीक, केबल ठीक, रिसीव्हर ठीक. तुम्ही फक्त झोताबाहेर आलात. आता डिश कितीही फिरवा, तो झोत काही तुमच्या मागे येणार नाही.

दुसरी अट कागदावरची आहे. टीव्हीसाठी देशाचे २१० बाजारविभाग पाडलेत आणि तुमच्या खात्यावर ज्या विभागाचा पत्ता असेल, त्याचेच लोकल चॅनल रिसीव्हर उघडतो. त्यामुळे नव्या गावात झोत छान मिळत असला तरी पत्ता जुना असेल तर पडदा काळाच.

मेसा वर्देजवळचा एक दिवस

ह्यूस्टनहून आलेले एक निवृत्त गृहस्थ, मूळचे नागपूरचे, कोलोरॅडोतल्या मेसा वर्दे राष्ट्रीय उद्यानाजवळच्या कॅम्पग्राऊंडवर आमच्या शेजारी होते. दुपारपासून डिशच्या ट्रायपॉडशी झटापट चाललेली. मी विचारलं, ‘काका, सगळंच गेलंय का?’ ‘नाही हो ताई, बाकी झकास होतं. नुसते लोकल गेले, म्हणून म्हटलं डिश जरा सरकवून बघू.’ ‘होतं’ ऐकूनच मला पुढचं कळलं. सरकवता सरकवता त्यांनी चालू असलेला उपग्रहही घालवला होता. मग मुलाला फोन, मग व्हिडिओ बघून एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) पिळणं, मग दुकानातून नवी केबल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी ट्रायपॉडचा खांब ओळंब्यात आणला, कारण खांब तिरका असेल तर डिशवरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. उपग्रह परत मिळाला. मग त्यांना कंपनीला फोन करायला लावला. त्यांनी पत्ता बदलला, अर्ध्या तासाने पाहिलं तर लोकल नाहीतच. परत फोन. तेव्हा उलगडा झाला की बदलला होता तो बिलाचा पत्ता. बिलाचा पत्ता आणि सर्व्हिस ॲड्रेस, म्हणजे टीव्ही जिथे बघता तो पत्ता, हे दोन वेगळे असतात आणि फोनवरचा माणूस ते आपणहून विचारेलच असं नाही. ‘सर्व्हिस ॲड्रेस बदला’ हे शब्द वापरायचे आणि बदलल्यावर तो त्याच्याकडून वाचून घ्यायचा. रिसीव्हर चालू आणि उपग्रहाला जोडलेला ठेवायचा, नाहीतर नवी परवानगी त्याच्यापर्यंत पोचणार कशी?

शेवटी चॅनल आले, आणि काका पुन्हा नाराज. बातम्या न्यू मेक्सिकोच्या! ‘अहो, मी कोलोरॅडोत आहे, मला डेन्व्हर पाहिजे.’ पण बाजारविभाग काउंटीनुसार, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे, पाडलेत आणि मेसा वर्देची मॉन्टेझुमा काउंटी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या विभागात आहे. तसंच ग्रँड टीटन डोंगराच्या पायथ्याचं जॅक्सन. गाव वायोमिंगमधलं, पण विभाग शेजारच्या आयडाहो राज्यातल्या आयडाहो फॉल्सचा. राज्याची सीमा इथे कुणी बघत नाही.

म्हणून मुक्कामाला पोचल्यावर मी आधी कॅम्पग्राऊंडच्या ऑफिसात काउंटीचं नाव आणि पिनकोड विचारते, आणि चिठ्ठी फ्रिजला चिकटवते. त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. टीव्हीवर चक्रीवादळाचा इशारा सांगताना काउंट्यांची नावं घेतात. आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच माहीत नसेल तर पट्टीवर सरकणारी नावं वाचून काय कळणार? एका रात्रीच्या मुक्कामासाठी मात्र मी पत्ता बदलत नाही. दोन-तीन दिवस थांबणार असेन तरच. पत्ता बदलला की जुन्या लोकल चॅनलवर लावलेलं रेकॉर्डिंगही नव्याने लावावं लागतं, हे लोक हमखास विसरतात आणि मग रेकॉर्डरला शिव्या देतात.

‘सावली बघून गाडी लावली’

उन्हाळ्यात सगळ्यांना झाडाखालची जागा हवी असते. घ्या, पण मग टीव्हीची कुरकुर करू नका. झाडाची ओली पानं सिग्नल गिळतात. आणि ‘झाड तर बाजूला आहे’ हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं, कोनाने ठरवायचं असतं.

डिश नेटवर्क या उपग्रह टीव्हीच्या कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांचा वेस्टर्न आर्क, म्हणजे पश्चिमेकडच्या उपग्रहांचा गट, ११०, ११९ आणि १२९ अंश पश्चिम रेखांशावर आहे. ईस्टर्न आर्क ६१.५ आणि ७२.७ अंशांवर. ईशान्य टोकाच्या मेन राज्यातल्या बँगरला उभं राहिलात तर १२९ चा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम १२ अंश वर असतो, तोही पश्चिमेकडे झुकलेला. ६१.५ चा जवळजवळ दक्षिणेला, ३८ अंशांवर. म्हणजे डिश जमिनीवर असेल तर चाळीस फुटी झाड १२९ साठी साधारण १९० फूट लांब हवं, आणि ६१.५ साठी पन्नासेक फुटांवर भागतं. मेनच्या पाइनच्या जंगलात १९० फूट मोकळी जागा शोधून दाखवा! तरी लोक टेक्सासमध्ये लावलेली वेस्टर्न आर्कची सेटिंग तशीच ठेवून तिथे जातात आणि अँटेना निकामी ठरवतात. तुमच्या अँटेनाला दोन्ही आर्क जमतात का, हे घरून निघण्यापूर्वी माहितीपुस्तिकेत बघा. आर्क बदलल्यावर रिसीव्हरच्या मेनूतली ‘चेक स्विच’ ही तपासणी चालवा, नाहीतर तो जुनेच उपग्रह शोधत बसेल.

आणखी एक खोच. तीनपैकी एकच उपग्रह फांदीमागे गेला तर त्याच्यावरचेच चॅनल जातात. लोकल नेमके त्याच्यावर असले तर लक्षणं हुबेहूब वरच्या चुकीसारखी दिसतात. त्यामुळे आधी रिसीव्हरच्या मेनूतल्या सिग्नलच्या पानावर प्रत्येक उपग्रहाचा आकडा बघायचा. सगळे आकडे चांगले असतील तर भानगड पत्त्याची किंवा झोताची. एकच शून्य असेल तर त्या दिशेचं झाड शोधा. हे बघायला मिनिटभर लागतं, पण धीर धरणारा नवशिका मला अजून भेटायचाय.

होकायंत्रही फसवतं. सिॲटलकडे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे १५ अंश पूर्वेला असते, मेनमध्ये जवळपास तितकीच पश्चिमेला. शिवाय गाडीच्या लोखंडाला चिकटून उभं राहून दिशा बघणारे महाभाग असतातच. दहा पावलं दूर जा.

फुकटचं विसरून विकतच्या मागे

माझं स्पष्ट मत सांगते. लोकल चॅनलसाठी उपग्रह हा दुसरा पर्याय आहे. पहिला पर्याय म्हणजे छतावरचा साधा अँटेना. गावाच्या जवळपास असाल तर तो त्याच गावाचे चॅनल एचडीमध्ये, फुकट आणि कुणाला पत्ता न सांगता देतो. लोक तो वापरत नाहीत, कारण प्रत्येक मुक्कामी चॅनल नव्याने स्कॅन करावे लागतात. त्याला पाच मिनिटं लागतात. तेवढी नसतील तर टीव्ही बघायलाही वेळ नसेल असं मी धरते.

इथल्या चुका ठरलेल्या. भिंतीवरच्या छोट्या बटणाचा दिवा लागलेला नसतो, म्हणजे अँटेनाचा सिग्नल वाढवणारा बूस्टर बंद. दिवा बंद असला की बऱ्याच गाड्यांत टीव्ही कॅम्पग्राऊंडच्या केबलला जोडला जातो, म्हणून स्कॅनमध्ये शून्य चॅनल येतात. उलट, केबल वापरायची असेल तर तो बंद हवा. आणि टीव्हीच्या मेनूत ‘केबल’ निवडून अँटेनाचं स्कॅन करणाऱ्यांना काय म्हणावं!

‘आम्ही न्यू यॉर्कचेच चॅनल मागवले, आता कटकट नाही’ असंही ऐकू येतं. आरव्हीवाल्यांना दूरच्या शहरातले नेटवर्क चॅनल घेण्याची सोय कायद्यात आहे, आणि २०१९ च्या कायद्याने ती कायम केली. त्यासाठी गाडीच्या नोंदणीची प्रत द्यावी लागते. मालिका आणि सामने बघायला उत्तम, फक्त कॅलिफोर्नियात बसून सगळं तीन तास आधी दिसतं. पण कॅन्ससमध्ये आभाळ काळंनिळं झालेलं असताना न्यू यॉर्कचा निवेदक तुम्हाला मॅनहटनमधली वाहतूक सांगत असतो. ही सोय ज्यांच्याकडे आहे त्यांनी हवामान खात्याचा रेडिओ तरी जवळ ठेवावा.

उरलेलं, भराभर

डिश आणि रिसीव्हरच्या मधे घरातला जुना स्प्लिटर लावू नका. डिशला वीज त्याच केबलमधून जाते आणि बरेच स्प्लिटर ती अडवतात.

केबल आरजी-६ च घ्या. गाडीत आधीपासून असलेली बारीक आरजी-५९ उपग्रहासाठी धरू नका.

बंद घुमटाचे छोटे अँटेना डायरेक्टीव्ही या दुसऱ्या कंपनीचं एचडी सहसा पकडत नाहीत, कारण ते केए बँडवर, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर, येतं. त्यासाठी मोठी उघडी डिश लागते. दुकानदाराला विकत घेण्याआधीच विचारा.

सकाळी घुमटावर दव असेल तर फडक्याने पुसा आणि मग तक्रार करा.

छतावरचा अँटेना वर ठेवून गाडी हाकू नका. तो वर केला की मी स्टिअरिंगला कपड्यांचा चिमटा लावते, आणि अँटेना खाली आल्याशिवाय चिमट्याला कुणी हात लावायचा नाही असा आमच्या गाडीत नियम आहे.